रिकाम्या पुंगळीचा हिशेब

हत्तीच्या पाठीवरचा हौदा ही वाघाच्या शिकारीतली सर्वांत सुरक्षित जागा, असं एकोणिसाव्या शतकातला साहेब धरून चाले. जखमी वाघाला मात्र तसं कुणी सांगितलेलं नसे. चवताळलेलं जनावर हत्तीच्या मस्तकावर झेप घेऊन वर चढू लागलं, की लांब नळीची रायफल वळवायला ना जागा असे ना वेळ. त्या दोन-तीन क्षणांसाठी साहेब जवळ एक आखूड, जाडजूड पिस्तूल बाळगून असे. त्याचं नावच हौदा पिस्तूल. सुरुवातीची अशी पिस्तुलं शिकारी बंदुकांच्या नळ्या कापून केलेली असत. पुढे इंग्लंडमधले बंदूककार ती मुद्दाम घडवू लागले. बहुतेकांना दोन नळ्या असत. ०.५७७ इंची, म्हणजे साडेचौदा मिलिमीटरहून जाड अशी लष्करी स्नायडर रायफलची गोळी काही पिस्तुलांतून उडे. धक्का एवढा बसे, की नेम कसला धरायचा! वाघाचा जबडा हातभर अंतरावर आला की चाप ओढायचा, एवढंच त्याचं शास्त्र. पुढे लंडनच्या चार्ल्स लँकेस्टरने चार नळ्यांचं पिस्तूल काढलं आणि हिंदुस्थानात येणाऱ्या अधिकाऱ्यांनी ते पसंत केलं.

पुण्याजवळच्या मुळशीत मात्र हौदा चालणं अवघडच. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यांत, ताम्हिणीच्या कड्यांच्या तोंडाशी हत्ती हाकायचा कुठे? सह्याद्रीत शिकार व्हायची ती पायी आणि हाक्याची. गावची माणसं ओरडत, डबे बडवत रान उठवायची आणि बंदूकवाला मोक्याच्या जागी दबा धरून बसायचा. सांबर, भेकर, रानडुक्कर, बिबट्या आणि त्या काळात वाघही या घाटमाथ्यावर होता. पिस्तूल असो वा रायफल, पुण्या-खडकीच्या छावणीतल्या शिकाऱ्यापुढे एक प्रश्न कायम असे. काडतुसं आणायची कुठून? एली किंवा कायनॉक या इंग्लिश कंपन्यांची पेटी बोटीने मुंबईला यायची, मग पुण्याला. मधल्या काळात हाताशी असलेला साठा पुरवून वापरायचा. म्हणून उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी कुणी फेकून देत नसे. ती पुन्हा भरली जाई.

ते कामही निगुतीचं. बार उडाला की पितळ फुगून नळीच्या कोठ्याला घट्ट बसतं. बाहेर काढलेली पुंगळी मूळ मापाची राहत नाही, म्हणून ती साच्यात दाबून परत मापात आणावी लागते. तळाच्या खाचेतली, दारू पेटवून उडालेली टोपी काढायची आणि नवी बसवायची. काळ्या दारूची काजळी पाणी धरते आणि पितळ खाते, म्हणून पुंगळी गरम पाण्याने धुऊन खडखडीत वाळवायची. मग मापाने दारू, वर नमद्याची किंवा पुठ्ठ्याची चकती, शेवटी गोळी. शेफील्डच्या डिक्सन कंपनीची या कामाची हत्यारं शिकाऱ्यांच्या सामानात असत. पुंगळी किती वेळा वापरायची याचाही अंदाज लागे. तोंडाशी केसासारखी चीर दिसली की ती बाद.

या सगळ्याला आधार होता तो १८६६ च्या एका पेटंटचा. वुलिचच्या शाही प्रयोगशाळेतल्या कर्नल एडवर्ड बॉक्सरने पितळी काडतूस केलं. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत टोपी स्वतःपुरती पूर्ण असते आणि पुंगळीच्या तळाला मधोमध एकच भोक असतं. आतून खिळा घातला की जुनी टोपी टपकन बाहेर पडते. त्याच वर्षी अमेरिकेत हायरम बर्डनने दुसरी रीत शोधली. तिच्यात टोपीला टेकू देणारं टोक पुंगळीतच घडवलेलं असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक छिद्रं असतात. मधे खिळा घालायला जागाच नाही. पुढे गंमत अशी झाली, की इंग्रजाची रीत अमेरिकेतल्या घरोघरच्या काडतूस भरणाऱ्यांनी उचलली आणि इंग्रज सरकारने आपल्या सैन्याच्या काडतुसांसाठी अमेरिकन माणसाची रीत घेतली. ही दुसरी निवड राज्यकर्त्यांना फार सोयीची ठरली.

कारण साहेबाच्या हाती असताना काटकसर ठरणारी पुंगळी दुसऱ्याच्या हाती गेली की बंडाचं साहित्य व्हायची.

काडतुसाने काय होऊ शकतं, हे कंपनी सरकारने एकदा पाहिलं होतं. १८५७ चं काडतूस तर कागदाचं होतं. एन्फिल्ड रायफलच्या त्या पुडीला लावलेल्या चरबीवरून २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उठला. २४ एप्रिलला मेरठमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला आणि १० मे रोजी वणवा पेटला. तो विझल्यावर राणीच्या सरकारने जो धडा घेतला, त्यात चरबीचा भाग थोडा आणि हिशेबाचा भाग फार होता. हिंदी शिपायाच्या हातातलं हत्यार गोऱ्या शिपायाच्या हत्यारापेक्षा एक पिढी मागे ठेवायचं, असं ठरून गेलं. त्यासाठी एन्फिल्डच्या नळीतले आटे काढून टाकलेली, १८५८ च्या नमुन्याची गुळगुळीत नळीची बंदूक हिंदी पलटणींसाठी निघाली. नेम लांबवर लागू नये म्हणून चांगली वस्तू मुद्दाम बिघडवण्याची ही कला पुढच्या शंभर वर्षांत अनेकदा वापरली गेली. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी पलटणींकडे स्नायडर आली आणि गोरे ली-मेटफर्ड वापरू लागले तेव्हा मार्टिनी हिंदी पलटणींकडे सरकली.

सामान्य माणसासाठी १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. लॉर्ड लिटन तेव्हा व्हाइसरॉय होते. परवान्याशिवाय बंदूक नाही, दारू नाही, काडतूस नाही. युरोपीय लोकांना मात्र यातून सूट होती. या भेदावर राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून ठराव करायला सुरुवात केली. कायदा होऊन वर्षही उलटलं नव्हतं, तोच फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी शिरूरजवळच्या धामारीवर पहिला छापा घातला. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातला हा कारकून. सरकारी वह्यांत लष्करावरचा खर्च रोज मांडणाऱ्या माणसाला आपल्या रामोशी साथीदारांसाठी हत्यारं गोळा करताना किती यातायात पडली असेल, याची कल्पना करता येते. जुलैमध्ये ते देवर नावडगीला पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले.

फडके ज्या पुण्यात कारकुनी करत होते, त्याच पुण्याच्या वेशीवर सरकारने १८६९ मध्ये खडकीचा दारूगोळा कारखाना उभा केला होता. १८१७ च्या नोव्हेंबरात पेशव्याची फौज जिथे हरली, त्याच परिसरात आता हिंदुस्थानच्या सैन्याची काडतुसं बनू लागली. खडकीच्या काडतुसाच्या बुडाशी के आणि एफ ही दोन इंग्रजी अक्षरं आणि मधे सरकारी मालकीचा बाण असे. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्याची खूण डी आणि एफ. डमडमच्या कॅप्टन बर्टी-क्लेने १८९६ मध्ये मऊ शिशाचं टोक उघडं ठेवलेली, अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी काढली आणि त्या गावाचं नाव जगभर बदनाम केलं. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळ्या वापरायला मनाई केली. शिकारीसाठी त्या आजही वापरतात. जनावर तडफडत न राहता लवकर मरावं, हे त्यामागचं कारण.

खडकीत बनणाऱ्या ०.३०३ इंची काडतुसात धूर न करणारी कॉर्डाइट दारू असे. अ‍ॅबेल आणि ड्यूअर या दोघा शास्त्रज्ञांनी १८८९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. नीलगिरीतल्या अरुवनकाडूचा कॉर्डाइट कारखाना १९०३ पासून ती देशातच करू लागला. ही दारू भुकटीची नसून शेवयांसारख्या लांब कांड्यांची. आता घडण पाहा. कारखान्यात पुंगळी आधी सरळ नळीसारखी ठेवत, तिच्यात कांड्यांची जुडी उभी सरकवत आणि मगच वरचं तोंड आवळून मान घडवत. म्हणजे मान अरुंद झाल्यावर तशी जुडी आत घालणं अशक्य. त्यावर तळाला बर्डनची टोपी, जी खिळ्याने निघत नाही. शिवाय टोपीतल्या मसाल्यात पारा असे. काळ्या दारूच्या भरपूर काजळीत तो विखरून जाई, पण कॉर्डाइट मागे काहीच ठेवत नाही, तेव्हा पारा सरळ पितळात मुरे आणि पुंगळी ठिसूळ होई. उडालेलं ०.३०३ चं काडतूस घरच्या घरी पुन्हा भरायचं तर तीन अडथळे. ते बंडखोरांना अडवायला म्हणून कुणी योजले नव्हते, कारखान्याच्या सोयीतून आले होते. पण सरकारला त्यांचा उपयोग झाला. त्यातूनही रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घ्यायची शिस्त सैन्याने सोडली नाही. चांदमारी झाली की जेवढी काडतुसं दिली तेवढ्या पुंगळ्या परत द्यायच्या.

मार्टिनी-हेन्रीचं काडतूस मात्र वेगळं. एका वेळी एकच गोळी उडवणारी ही रायफल, ०.४५० इंची, ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅमची शिशाची गोळी आणि तिच्यामागे ८५ ग्रेन काळी दारू. यातलं काहीही गावच्या लोहार-कासाराच्या आवाक्याबाहेरचं नव्हतं. वायव्य सरहद्दीवर हजारो मार्टिनी टोळीवाल्यांच्या हाती होत्या. काही चोरलेल्या, काही मस्कतहून तस्करीने आलेल्या, काही तिथल्याच दर्रा या गावच्या कारागिरांनी हुबेहूब घडवलेल्या. त्यांना अडचण गोळ्यांची. आणि १८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बीने नेमक्या त्याच ०.४५० मापाचं, धूर न करणारं मोठ्या शिकारीचं काडतूस बाजारात आणलं. हत्ती-गव्याच्या शिकारीसाठी ते हां हां म्हणता लोकप्रिय झालं. सरकारच्या पोटात गोळा आला. शिकारीच्या नावावर आलेला माल, निदान त्यातल्या गोळ्या, सरहद्दीवरच्या मार्टिनीत जाऊन बसतील! १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानात खासगी लोकांना ०.४५० चं माप बंद झालं.

इंग्लिश बंदूककारांनी यावर जे केलं ते पाहून पुण्याचा कुठलाही वकील खूश झाला असता. कायदा ०.४५० ला ना? मग त्यांनी ०.४६५ काढलं. कुणी ०.४७०, कुणी ०.४७५, कुणी ०.४७६. जनावराला पडणारा फटका तोच, कागदावरचा आकडा वेगळा. आफ्रिकेत हत्ती आणि गव्याच्या शिकारीला आज जी दुनळी रायफल सर्वांत जास्त वापरली जाते, तिचं ०.४७० चं माप या मनाईमुळेच एवढं पसरलं. कलकत्त्याच्या आणि सिमल्याच्या कारकुनांनी सही केलेल्या एका आदेशाची ही आफ्रिकेतली फलश्रुती.

सैन्याच्या ०.३०३ लाही खासगी परवान्यावर बंदी होती. म्हणून बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलचं ८ मिलिमीटरचं काडतूस घेतलं, त्याला ०.३१५ म्हटलं आणि त्या मापाच्या शिकारी रायफली हिंदुस्थानात खपवल्या. जंगलात दोघांच्या कामात फारसा फरक नव्हता. एकाची गोळी दुसऱ्याच्या नळीत चालत नव्हती, एवढाच सरकारला हवा असलेला गुण तिच्यात होता.

पोलिसांबाबतही तोच हात आखडता. ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने लष्करी ली-एन्फिल्ड रायफलींची नळी गुळगुळीत करून ०.४१० ची बंदूक केली. मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा ठोकला, म्हणजे एका वेळी एकच बार. काडतूसही खास, ०.३०३ च्याच पुंगळीला मान न घडवता सरळ ठेवून केलेलं. तुरुंगाच्या पहारेकऱ्याकडून अशी बंदूक कुणी पळवली, तरी तिच्यात ०.३०३ चालत नाही आणि तिचं काडतूस बाजारात मिळत नाही. हत्यार चोरता येईल, पण ते चालवता येणार नाही, एवढी तजवीज त्यात होती.

मग मुळशीच्या मावळ्याकडे काय उरलं? ठासणीची बंदूक. तिला पुंगळी लागतच नाही. प्रत्येक बार नळीच्या तोंडाकडून नव्याने भरायचा. आधी दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, गजाने ठासायचं, मग छरे किंवा शिशाची गोळी, पुन्हा बोळा, पुन्हा गज. नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या बोंडावर तांब्याची टोपी चढवली की बार तयार. मुळशीचा पाऊस प्रसिद्ध. आषाढात दारूला ओल लागली की टोपी नुसती ‘टप’ करून वाजते आणि समोरचा डुक्कर अंग झाडून भाताच्या खाचरातून आरामात चालता होतो. आंबेमोहोराच्या लोंब्या राखायला रात्रभर माळ्यावर बसणाऱ्या शेतकऱ्यासाठी हे हत्यार पुरेसं, आणि सरकारच्या दृष्टीने निरुपद्रवी. एक बार झाला की पुन्हा ठासायला अर्धं-पाऊण मिनिट. तेवढ्यात फौजेची तुकडी त्याच्या उरावर.

हत्याराची ही दरी ओलांडायचा मार्ग एकच होता, आणि तो समुद्रापलीकडून येत होता. लंडनहून विनायक दामोदर सावरकरांनी १९०९ मध्ये चतुर्भुज अमीन याच्या सामानातून २० ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेने गोळ्या झाडल्या त्या यातल्याच एका पिस्तुलातून. हौदा पिस्तुलाच्या शेजारी ब्राउनिंग ठेवलं तर ते खेळण्यासारखं दिसेल. पण ते खिशात मावे, आणि एकामागून एक गोळ्या झाडत असे. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे ठाण्याला फाशी गेले.

सावरकरांच्या याच लंडनच्या वर्तुळात पारनेरचा एक हुशार विद्यार्थी होता. पांडुरंग महादेव बापट शिष्यवृत्तीवर एडिंबराला यंत्रविद्या शिकायला गेले आणि राज्याविरुद्ध बोलले म्हणून ती शिष्यवृत्ती घालवून बसले. मग पॅरिसला जाऊन त्यांनी रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या मिळवली. त्यांच्याबरोबर बंगालचे हेमचंद्र दास होते. स्फोटकांचा अभ्यास केलेले बापट १९०८ मध्ये परतले, पुढे रोज सकाळी झाडू घेऊन रस्ते झाडू लागले, आणि १९२१ मध्ये मुळशीत पोचले.

तिथे टाटांची वीज कंपनी मुळा-निळेच्या संगमाजवळ धरण बांधत होती. खोपोली आणि भिवपुरीनंतरची ही तिसरी योजना. पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरवून मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज द्यायची. पन्नासच्या आसपास गावं आणि सुमारे ११ हजार माणसं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. न. चिं. केळकर, शि. म. परांजपे, शंकरराव देव, विनायकराव भुस्कुटे अशी मंडळी पुढे होती. या लढ्यात ठासणीच्या बंदुकाही नव्हत्या. मारहाण झाली, उन्हात माणसं होरपळली, तुरुंग भरले, पण हात उगारायचा नाही हा नियम होता. काम काही महिने थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. पुण्याच्या सावकारांना आणि जमीनमालकांना मोबदला हवा होता, कुळांना जमीन. आणि ही फूट कंपनीच्या कुठल्याही पहारेकऱ्यापेक्षा जास्त कामाला आली, असं म्हणणं अन्यायाचं होणार नाही.

बापट दोनदा तुरुंगात जाऊन आले. सत्याग्रह विझत चालला होता. ९ डिसेंबर १९२४ रोजी त्यांनी मोजक्या साथीदारांसह रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची गाडी अडवली, तेव्हा त्यांच्या हाती तलवार आणि पिस्तूल होतं. मुळशीच्या इतिहासातलं हे सर्वांत गाजलेलं पिस्तूल. पॅरिसहून स्फोटकांची विद्या शिकून आलेल्या माणसाने मनात आणलं असतं तर रूळच उडवता आले असते, तरी त्याने दगड रचले. साडेतीन वर्षं मोकळ्या हाताने लढल्यानंतरचा तो निदर्शनाचाच एक प्रकार होता, असं वाटतं. लोकांनी त्यांना सेनापती म्हटलं, सरकारने सात वर्षांची सजा दिली आणि सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात पाठवलं. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं तेव्हा ते अजून गजांआडच होते.

स्वातंत्र्यानंतर गोऱ्या-काळ्याचा भेद गेला, पण मापाचा हिशेब तसाच राहिला. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ पासून अमलात आला. लष्करी मापं खासगी माणसाला बंदच. म्हणून ईशापूर आजही ०.३१५ ची शिकारी रायफल बनवतं आणि खडकी तिचं ८ मिलिमीटरचं काडतूस. बुडाशी अजून के आणि एफ. उत्तरेतल्या फौजदारी खटल्यांची कागदपत्रं चाळली, तर पंचनाम्यात ‘८ एम.एम. के.एफ.’ हे शब्द भेटत राहतात. कारण ज्या काडतुसाला सरकारने निरुपद्रवी ठरवलं, त्याच्याच मापाचा गावठी कट्टा चोरट्या कारखान्यांत घडवला जाऊ लागला. एक नळी, एक बार, मूठभर लांबी आणि आत रायफलचं काडतूस. शिकारीशी त्याचा संबंध नाही, पण घडण हौदा पिस्तुलाचीच आहे. फरक एवढा, की लंडनचा कारागीर नळीला पेलवेल असं पोलाद निवडत असे आणि कट्ट्याची नळी काही वेळा चालवणाऱ्याच्याच हातात फुटते. जमिनींना सोन्याचा भाव आल्यावर मुळशीतही कट्ट्याच्या बातम्या येऊ लागल्या. २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ चित्रपटाने त्या उभ्या महाराष्ट्राला दाखवल्या.

शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही येतात. तेव्हा आपल्याकडे हौशी माणसाने परवानगीशिवाय घरी पुंगळ्या भरायचा विचारही करू नये. अमेरिकेत हाच छंद गॅरेजमधल्या टेबलावर चालतो. तिथे न्यू हॅम्पशरच्या थॉम्पसन-सेंटर कंपनीने १९६७ मध्ये ‘कंटेंडर’ नावाचं एकबारी शिकारी पिस्तूल काढलं. नळी बदलली की माप बदलतं. हौशी लोकांनी त्यात १८७३ सालचं, म्हणजे मार्टिनीच्याच पिढीतलं ०.४५-७० हे रायफलचं काडतूस बसवलं. रायफलच्या लांब नळीत सावकाश जळणारी दारू १४ इंची नळीत अर्धवट जळून तोंडाशीच भडका उडवते, म्हणून आखूड नळीला साजेसं काडतूस माणूस स्वतः भरू लागला. बॉक्सरची टोपी हाताशी असल्याने ते शक्यही झालं. सिमल्याचे कारकून हे पाहायला असते, तर त्यांनी राजीनामे दिले असते.

इकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधनं आणली आणि मोठ्या मापाच्या रायफली वाड्यांच्या भिंतींवर गेल्या. ताम्हिणीचं २०१३ मध्ये अभयारण्य झालं. खडकीचा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. तिचं मुख्यालयही पुण्यातच. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. १९५९ च्या कायद्यात पीक राखण्यासाठीच्या ठासणीच्या बंदुकीला मात्र वेगळं स्थान मिळालं: खऱ्याखुऱ्या शेतकऱ्याने ती मागितली, तर परवाना देण्याकडेच कायद्याचा कल आहे. निवडणूक जाहीर झाली की बाकीच्या परवान्यांबरोबर तीही पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते. शेतकरी ती गोणपाटात गुंडाळून एस.टी.ने पौडच्या ठाण्यात नेतो आणि पावती घेतो.